आपल्या दोघांतला आकडा

हे लिहायला बसताना मी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. यात वजनाचा एकही आकडा येणार नाही. आणि मी जेवण कसं टाळलं, कुणाला कसं फसवलं, त्या युक्त्याही येणार नाहीत. आजारी होते तेव्हा अशा आजारातून उठलेल्या मुलींचं लिखाण मी मोबाईलवर शोधून शोधून वाचायचे आणि त्यातून नेमके आकडे आणि युक्त्या तेवढ्या उचलायचे. तशी कुणी मुलगी हे वाचत असेल तर तिला इथे ते मिळणार नाही. तिच्या आईवडिलांना काही मिळालं तर बघा.

मी ऋतुजा. वय वीस. नगरला कॉलेजात शिकते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या एस.टी.चा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’च ओरडतो, तेव्हा मीही तसंच लिहिते. आमचं घर घोडेगावजवळच्या एका वस्तीवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेती करतात आणि म्हशींचा व्यापार करतात. घोडेगावचा जनावरांचा बाजार मोठा, लांबलांबून माणसं येतात. त्या बाजारात अण्णांच्या शब्दाला किंमत आहे. म्हैस दुरून चालत आली तरी ती किती दूध देईल, किती वेतं झाली असतील, हे ते सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. आई घर आणि गोठा बघते. मला एक धाकटी बहीण आहे, स्वरा.

माझ्या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया. पण आजार ज्या दिवसापासून सुरू झाला असं मी मानते, त्या दिवशी मला ना ताप होता ना चक्कर. त्या दिवशी मी अण्णांचा डबा घेऊन बाजारात गेले होते.

कालव्यावरचे दोन महिने

त्याच्या आधीचं सांगायला हवं, नाहीतर फसवणूक कशाची झाली ते कळणार नाही.

आठवीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. घरी चिठ्ठी आली : वजन जास्त आहे, पालकांनी आहार व व्यायामाकडे लक्ष द्यावे. मी लहानपणापासून अंगानं भरलेली. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, कारण आमच्या घरात सगळेच तसे. चिठ्ठी वाचल्यावर मात्र आईनं त्याच रात्रीपासून माझ्या ताटातला भात काढला. स्वराच्या भाकरीवर तूप, माझी कोरडी. आजी म्हणाली, “आत्तापासून आवरा पोरीला, पुढं लगीन करायचंय.” मी ताटावरून उठून गोठ्यात जाऊन रडले.

अण्णा मागून आले. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, “माझी बी साखर वाढलीय. डॉक्टर म्हनला, चाला. एकट्याला कटाळा येतो. येतीस का सकाळी?”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पहाटे उठून कालव्याच्या कडेनं चालायला लागलो. जाताना गप्प, येताना बडबड. म्हशीचे डोळे कसे बघायचे, व्यापारी खोटं बोलायला लागला की हात कुठे नेतो, असलं काहीबाही ते सांगायचे. वजनाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांनी आईलाही सांगितलं, “आमच्या दोघांचं ताट सारखं वाढ. तिला कोरडी तर मला बी कोरडी.” मग आईनं दोघांनाही थोडं तूप वाढायला सुरुवात केली. जेवणाआधी काकडी, गाजर, मुळा असं काहीतरी अण्णा स्वतः चिरायचे, जाडजूड, वेडंवाकडं. मला ते आवडायला लागलं. चालणंही आवडायला लागलं. धाप कमी झाली. शाळेत खो-खोला मला कुणी घेत नसे, त्या टीममध्ये मी गेले.

महिन्यातून एकदा आम्ही गावातल्या मेडिकलमध्ये जायचो. मी काट्यावर उभी राहायचे, अण्णा पाठ करून औषधांच्या बाटल्या बघत राहायचे. बाहेर आल्यावर मीच त्यांच्या कानात आकडा सांगायचे.

पहिल्या वेळी ते म्हणाले, “हा आपल्या दोघांतला. आईला न्हाई, आज्जीला न्हाई. कुनाला सांगायचा न्हाई.”

आज कुणी मला विचारलं की मुलांना चांगल्या सवयी कशा लावाव्यात, तर मी त्या दोन महिन्यांकडे बोट दाखवते. त्यात काहीच चुकलं नव्हतं. म्हणूनच पुढचं इतकं लागलं.

काटा

दिवाळीच्या सुट्टीतला बाजाराचा दिवस. आईनं डबा दिला आणि मी एका शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेले. अण्णा शेळ्या-बोकडांच्या बाजूला चहाच्या टपरीपाशी उभे होते. सोबत त्यांचे जुने मित्र बबनकाका आणि आणखी पाच-सहा व्यापारी. सौदे चांगले झाले असावेत, सगळे खुशीत होते.

बबनकाका मला बघून म्हणाले, “आयला, ही ऋतू का? लई बारीक झाली रं पोरगी!”

“मग!” अण्णा म्हणाले. “पोरगी कुनाची हाय?” आणि त्यांनी आकडा सांगितला. दोन्ही आकडे. आधीचा आणि आताचा.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

एक जण म्हणाला, “काय बी सांगता राव. दोन महिन्यात इतकं कुठं उतरतं का?”

शेजारीच बोकडं तोलायचा काटा होता, लोखंडी पत्र्याचा, वर लाल आकडे लागणारा. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “चढ गं ऋतू. दाव यांना.”

“अण्णा, नको.”

“लाजतीस काय? आपलीच मानसं हायती.”

मी चढले. का चढले, हे पुढे मला डॉक्टरांनीही विचारलं. तेरा वर्षांची मुलगी, तिच्या वडिलांनी खांद्यावर हात ठेवून चढ म्हटल्यावर काय करेल? चढले. पत्र्यावर लेंड्या पडलेल्या होत्या. लाल आकडे लागले. कुणीतरी मोठ्यानं वाचले. टाळ्या पडल्या. अण्णांचा चेहरा फुलला होता, नंबर आलेल्या मुलीच्या बापासारखा. आणि मागून एक आवाज आला, टाळ्यांत कुणाचा ते कळलं नाही, “मग भाव काय लावला हिचा?”

सगळे हसले. मी अण्णांकडे बघितलं. ते पण हसत होते.

मग त्यांनी मला भेळ घेऊन दिली. मी ती खाऊ शकले नाही. घरी जाताना टेम्पोत मला एवढंच कळत होतं की तो आकडा आता त्या सगळ्यांचा झालाय. तो बदलायला हवा. त्यांना माहीत असलेला आकडा माझा राहता कामा नये.

सगळे कौतुक करत होते

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात चपला घालून उभे होते. “चल गं.”

“अभ्यास आहे,” मी म्हणाले. सुट्टी चालू होती. त्यांनाही ते माहीत होतं. पाच-सहा दिवस ते रोज हाक मारत राहिले. मग एकटेच जायला लागले. मग जायचे थांबले. मी मात्र ते बाजाराला किंवा शेतात गेले की एकटी चालायला जायचे. आधी एकदा, मग दोनदा, मग पाय ओढत तिसऱ्यांदा.

पुढचं दीड वर्ष मी एका ओळीत सांगते : आमच्या गोठ्यातल्या म्हशीला माझ्यापेक्षा जास्त भाकरी मिळाली.

आणि त्या काळात मला जितकं कौतुक मिळालं, तितकं आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. शाळेत बाई वर्गासमोर म्हणाल्या, “जिद्द ऋतुजाकडून शिका.” मावशी लग्नात मला बाजूला घेऊन विचारायची, काय करतेस, आम्हाला पण सांग. आजी खूश. माझी पाळी थांबली होती. केस हातात यायचे. चैत्राच्या उन्हात मी स्वेटर घालून बसायचे. आणि लोक म्हणायचे, “किती छान दिसायला लागलीस!”

त्यातल्या एकाही माणसावर मी आता विश्वास ठेवू शकत नाही, असं मी पुढे माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमना म्हणाले होते. मी मरायला टेकले होते आणि ते टाळ्या वाजवत होते. त्यांना कळत नव्हतं, हे खरं. पण कळून घ्यायची कुणाला गरज वाटली नाही, हेही खरं.

आईला आधी कळलं. एकदा अंगावर पाणी घेताना मोरीचं दार नीट लागलं नव्हतं, तेव्हा तिनं माझी पाठ बघितली. ती तिथेच बसली. मग हळूहळू तिला बाकीचंही सापडत गेलं. मी तिला माझी शपथ घातली की अण्णांना सांगायचं नाही, डॉक्टरला सांगायचं नाही. “मी खाईन, आई. उद्यापासून खाईन.” तिनं शपथ घेतली. चार महिने पाळली. त्या चार महिन्यांत आमचं घर म्हणजे एकमेकांपासून काहीतरी लपवणाऱ्या माणसांची खोली झाली होती.

नाव कळलं तो दिवस

दहावीच्या सुरुवातीला शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी पडले. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त कमी आहे म्हणाले, टॉनिक दिलं. आठ दिवसांनी पुन्हा पडले. यावेळी पाय सुजले होते आणि नाडी इतकी संथ लागत होती की डॉक्टरांनी दोनदा मोजली. त्यांनी नगरला पाठवलं.

तिथे दोन दिवस तपासण्या चालल्या. क्षय नाही, थायरॉईड नाही, पोटात गाठ नाही. प्रत्येक वेळी ‘नाही’ ऐकलं की अण्णा हात जोडायचे आणि आई जास्त घाबरायची. तिसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या मॅडम आल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, “ऋतुजा, समोर ताट आलं की तुला काय वाटतं?”

मी म्हणाले, “काही नाही. मी जेवते की.”

“खोटं,” आई म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. एकेक गोष्ट, तारीखवार, जशी तिनं मनात लिहून ठेवली होती. अण्णा भिंतीला टेकून ऐकत होते. मी आईकडे बघत राहिले. तिनं माझी शपथ मोडली होती. बापानं एकदा केलं, आता आईनं. मला वाटलं, या घरात माझं असं काहीच सुरक्षित राहत नाही.

आज मला माहीत आहे की त्या दिवशी आईनं शपथ पाळली असती तर मी हे लिहायला नसते. पण हे कळायला वेळ लागला, आणि त्या क्षणी जे वाटलं ते वाटलंच.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. अण्णांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “घरात दानं हाय, दूध हाय, दुभतं हाय. आसून पोरगी खात न्हाई, ह्यो काय आजार हाय का मॅडम? ह्यो हट्ट हाय.”

“तिला भूक लागते हो,” मॅडम म्हणाल्या. “पण तिची भीती भुकेपेक्षा मोठी झालीय. हट्ट असता तर तो तिला केव्हाच सोडता आला असता.”

“भीती कसली?”

“ते ती सांगेल. सांगावंसं वाटेल तेव्हा.”

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड फिरवलं.

वॉर्ड

महिन्याला थोडा कमी इतके दिवस मी तिथे होते. दिवसातून सहा वेळा खाणं. सकाळचं दूध आणि उपमा, मग फळ, मग जेवण, असं करत रात्रीच्या दुधापर्यंत. प्रत्येक वेळी सिस्टर समोर बसायच्या. खाऊन झालं की अर्धा तास उठायचं नाही. चालायचं नाही, उभंही राहायचं नाही. मोरीचं दार अर्धं उघडं. पहिल्या आठवड्यात मी एका वाटी वरणभातासमोर तास-तास रडले. कुणी ओरडलं नाही. ताट उचललंही नाही.

पहिल्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, “वजन करायचंय,” आणि मी पलंगाच्या दांडीला धरून बसले. येणार नाही म्हणाले. हात सुटेनात. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, “पाठ करून उभी राहा. तुला बघायचं नाही, मी वाचून दाखवणार नाही. आकडा माझ्याकडे राहील.”

मी पाठ करून उभी राहिले. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि वही खिशात घातली. रोज असंच. त्या बाईंची माझी ओळख नव्हती, नातं नव्हतं. पण त्यांनी तो आकडा माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. एकदा त्या सुट्टीवर होत्या, दुसऱ्या सिस्टर आल्या, तर जाताना त्यांनाही बजावून गेल्या होत्या. मी त्यांना एकदा फसवलं, कसं ते लिहिणार नाही. त्यांच्या लक्षात आलं. “मला वाईट वाटलं,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांना फसवलं नाही.

वॉर्डात झाडपूस करायला मंदामावशी यायच्या. तिसगावच्या पलीकडच्या. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या, फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत वाढलेल्या. त्यांची गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटलं, आता या म्हणणार, ‘आम्हाला खायला मिळत नव्हतं आणि तुझी ही थेरं.’ ते वाक्य मला भेटायला आलेल्या प्रत्येक माणसानं ऐकवलं होतं. मावशींनी फरशी पुसता पुसता विचारलं, “भ्या वाटतंय का खायाचं?”

मी मान हलवली.

“वाटू दे. घास बारका घे.” आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

वर आणखी काही न ऐकवणाऱ्या त्या पहिल्याच. त्या दिवशी मी वाटी संपवली.

घराचे हाल चालले होते. आई माझ्याजवळ, स्वरा आजीजवळ, आणि धारा काढायला अण्णा एकटे. आजीनं दृष्ट काढून अंगारा पाठवला. अण्णा एक दिवसाआड यायचे, दारात उभे राहून कुठली म्हैस व्याली, कुठली आटली ते सांगायचे. एकदा ते शिर्डीला जाऊन आले. माझ्यासाठी नवस बोलून आले होते. पेढ्यांचा पुडा माझ्यासमोर धरला. वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ ताईंनी आखून दिलेल्या दिवसाच्या खाण्यात पेढा नव्हता आणि आखलेल्याच्या बाहेरचं काहीही मला त्या वेळी जमत नव्हतं. मी नको म्हणाले.

“देवाचा प्रसाद हाय गं.”

“नको.”

“बापानं आनलाय म्हनून न्हाई, देवाचा म्हनून तरी घे!” त्यांचा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरची माणसं बघायला लागली. आईनं पुडा काढून घेतला. अण्णा जिन्यात जाऊन बसले. आई सांगत होती, ते रडत होते. मला दया आली नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

कोण बोललं?

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं. मी त्यांना आधीच सांगितलं होतं. आता अण्णांसमोर सांगायचं होतं. मी मान खाली घालून सांगितलं. मेडिकल, आपल्या दोघांतला आकडा, टपरी, काटा, पत्र्यावरच्या लेंड्या, टाळ्या, भाव.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती अण्णांकडे वळली. “तुमी पोरीला बोकडाच्या काट्यावर चढवलं?”

अण्णा गोंधळले होते. खरोखर गोंधळले होते, ते मला दिसत होतं. “आगं, मी तर कौतुक केलं. मला वाटलं, पोरीनं एवढं केलं, चार लोकांना कळू दे.”

“तुम्ही म्हणाला होता, कुणाला सांगायचं नाही,” मी म्हणाले.

“ते... चांगली गोष्ट सांगायला काय हरकत?”

“आणि त्यानं भाव विचारला तेव्हा तुम्ही हसलात.”

“भाव? आसं कोन बोललं? मला न्हाई आठवत.”

मी दीड वर्ष तो आवाज रोज ऐकत होते. झोपताना, उठताना, ताट समोर आलं की. आणि त्यांना तो आठवतसुद्धा नव्हता. काट्यावर लागलं होतं त्याहून मला ते जास्त लागलं. मी मॅडमना म्हणाले, मला बाहेर जायचंय.

मॅडम नंतर माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, “त्यांना आठवलं तरच तू बरी होशील, असं धरून बसू नकोस. ते त्यांच्यावर सोड. तू तुझं जेव.” मला तो सल्ला त्या वेळी फार कोरडा वाटला. पण मी त्यावरच उभी राहिले.

आई अण्णांशी पुढचे कितीतरी दिवस बोलली नाही. ताट वाढायची, सरकवायची, आत जायची.

घरी

घरी आल्यावर माणूस बरा होतो असं नाही. मॅडमनी घरच्यांना एक नियम घालून दिला होता : हिच्या शरीराबद्दल कुणी काही बोलायचं नाही. वाईट नाही, चांगलंही नाही. वाईट बोलायचं नाही, हे सगळ्यांना पटलं. चांगलं का बोलायचं नाही, हे कुणाला कळेना. दिवाळीला मावशी आली आणि दारातच म्हणाली, “भरली गं बाई आता, छान झाली तब्येत!” मी दोन दिवस जेवले नाही. मग मंदामावशींचा बारका घास आठवून पुन्हा सुरू केलं. असं तीन-चार वेळा झालं. दहावी मी एक वर्ष उशिरा दिली.

लोक विचारतात, मग पोरांना काही बोलायचंच नाही का? खाऊ द्यायचं मन मानेल ते, बसू द्यायचं मोबाईल घेऊन? तसं मी म्हणत नाही. स्वरा आता बारा वर्षांची आहे, तीही आमच्यासारखीच भरलेली. आमच्याकडे सगळ्यांचं ताट सारखं वाढलं जातं. ती माझ्याबरोबर भाजी निवडते, थालीपीठ थापते, आणि स्वतः थापलेलं असलं की त्यात मेथी असली तरी खाते. तिला सायकल आवडते, म्हणून सायकल. पळायला आवडत नाही, म्हणून पळायला कुणी लावत नाही. एखाद्या दिवशी तिनं दोन वेळा श्रीखंड घेतलं तर ते श्रीखंडच असतं, गुन्हा नसतो. तिचं वजन डॉक्टर बघतात. आणि ती जे कुणाला विश्वासानं सांगते, ते तिथेच राहतं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे आणि मोठी माणसं ते सगळ्यात हलकं धरतात.

अण्णा प्रयत्न करतात. चुकतात. गेल्या वर्षी पाहुण्यांसमोर स्वराबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून थांबले. ते थांबले हे खरं. मी समोर नसते तर थांबले असते का, मला माहीत नाही. मी तेवढा विश्वास अजून ठेवू शकत नाही, आणि ठेवल्याचं नाटक करायचं मी सोडून दिलंय.

रस्त्यावरचं हॉटेल

मागच्या महिन्यात नगरला माझी नेहमीची तपासणी होती. आता सहा महिन्यांतून एकदाच जावं लागतं. आईला यायला जमलं नाही, म्हणून अण्णा मोटारसायकलवर घेऊन गेले. सगळं ठीक निघालं. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून परत घरीच चाललो होतो. येताना घोडेगावच्या अलीकडे एका हॉटेलात जेवायला थांबलो. दोन थाळ्या सांगितल्या. शेवभाजी, भाकरी, कांदा. मी जेवायला सुरुवात केली. अण्णा भाकरीचा तुकडा मोडून नुसते बसले होते.

“ते भाव विचारलेलं,” ते म्हणाले.

मी थांबले.

“मला आठवत न्हाई म्हनालो हुतो मॅडमपुढं. आठवत हुतं. तवा बी आठवत हुतं. बबन बोलला. आन् मी हसलो.”

हॉटेलात गाणं लागलं होतं. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. पाच वर्षं मी असं समजत होते की माझ्या बापाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण आठवतच नाही.

“मग खोटं का बोललात?”

“तुझी आई समोर हुती. मॅडम हुत्या.” त्यांनी तुकडा ताटात ठेवला. “बाजारात मानसं हसली की आपुन बी हसतो. सवय आसती. तू माझ्याकडं बघितलं ते मी बघितलं हुतं, ऋतू. मग मी तुला भेळ घेतली.”

म्हणजे ती भेळ त्यासाठी होती. त्यांना त्याच वेळी कळलं होतं. मला राग आला, पुन्हा नव्यानं, पाच वर्षांपूर्वीपेक्षा मोठा. आणि त्याच वेळी असंही वाटलं की इतक्या वर्षांत हे पहिलंच खरं बोलणं आमच्या दोघांत झालं.

“अजून रागावली हाईस ना माझ्यावर?” त्यांनी विचारलं.

एरवी मी ‘नाही’ म्हणाले असते. आमच्याकडे बापाला असंच उत्तर देतात. “हो,” मी म्हणाले. “अजून आहे.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. मग त्यांनी भाकरी मोडली आणि जेवायला लागले. मीही माझ्या ताटाकडे वळले. भाकरी अजून गरम होती.

“ताक घेतीस?”

“घेते,” मी म्हणाले.